हळू बदलणारा विषाणू
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यावर एखादं व्याख्यान ठेवू असं कमिटीत ठरलं, तेव्हा "करोनावर बोला" अशी सूचना आली होती. करोनाबद्दल आपण पुष्कळ ऐकलं. मी आज ज्या विषाणूबद्दल बोलणार आहे, तो त्याच्यापेक्षा फार जुना आहे. इथे बसलेल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात तो कधी ना कधी येऊन गेलेला असणार, पण त्याचं नाव आपण घरात काढत नाही. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही.

गर्भाशयमुखाचा कर्करोग या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी हा संबंध दाखवून दिला आणि त्यांना २००८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या देशात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाहून अधिक जणी त्यात दगावतात. यातले बरेचसे मृत्यू टाळता येतात. ते का टाळता येतात, याचं उत्तर या विषाणूच्या स्वभावात आहे.

एचपीव्ही हा एकच विषाणू नाही, ते मोठं खानदान आहे. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत आणि त्यांना नावांऐवजी नंबर दिलेले आहेत. काही प्रकारांमुळे हातापायांवर चामखीळ येते, बाकी काही त्रास नाही. कर्करोगाला कारण ठरणारे प्रकार डझनभरच आहेत. त्यातही १६ आणि १८ हे दोन नंबर सर्वांत घातक. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे हेच दोघे असतात.

आता तुम्ही विचाराल, एवढे प्रकार आहेत तर उद्या आणखी नवा येईल, मग लस घेऊन उपयोग काय? करोनाच्या अनुभवानंतर हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी विषाणू बदलतो कसा, ते पाहू.

विषाणूची जनुकं म्हणजे अक्षरांत लिहिलेली एक सूचनावही समजा. फ्लूच्या वहीत साधारण साडेतेरा हजार अक्षरं असतात. तिच्या प्रती काढणारं यंत्र फ्लू स्वतःचं आणतो, आणि त्या यंत्राला मुद्रितशोधन येत नाही. चुका तशाच राहतात, वही सारखी बदलत राहते. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेला फ्लूच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे, हे वर्षातून दोनदा नव्याने ठरवावं लागतं.

एचपीव्हीची वही छोटी आहे, जेमतेम आठ हजार अक्षरांची. त्याच्याकडे स्वतःचं नक्कल-यंत्र नाही. तो आपल्या पेशींचं यंत्र वापरतो. आपल्या पेशी मात्र नक्कल करताना चुका तपासून दुरुस्त करतात. त्यामुळे एचपीव्हीच्या वहीत पिढ्यानपिढ्या टिकणारा बदल फार सावकाश होतो. आज दिसणारे दोनशे प्रकार काल-परवा झालेले नाहीत, त्यांना लाखो वर्षं लागली आहेत.

१६ नंबरचंच बघा. त्याच्या ए, बी, सी, डी अशा चार शाखा आहेत. बी आणि सी मुख्यतः आफ्रिकेत सापडतात, तर ए युरोप आणि आशियात. शास्त्रज्ञांनी या शाखांच्या अक्षरांतला फरक मोजला, तेव्हा ए शाखा इतरांपासून सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली असावी असं दिसलं. त्या काळी आजचा माणूस आफ्रिकेबाहेर पसरलाच नव्हता. मग ए शाखा आली कुठून? अनेक संशोधकांचं मत असं, की ती निअँडरथल या आपल्या चुलत मानवांबरोबर युरोप-आशियात नांदत होती. आपले पूर्वज आफ्रिकेतून बाहेर पडले, दोघांचा संबंध आला आणि विषाणू आपल्याकडे आला. निअँडरथल संपले, विषाणू राहिला. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या जनुकांतही निअँडरथलांचा एक-दोन टक्के अंश आहेच, आपल्याही. म्हणजे हा पाहुणा माणसाबरोबर माणसाइतकाच फिरलेला आहे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत १६ नंबरच्या पाच हजारांहून अधिक नमुन्यांची अक्षरं वाचली गेली आणि ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. बारकाईने पाहिल्यावर हजारो वेगवेगळ्या वह्या निघाल्या, कुठे एखादं अक्षर इकडे, कुठे तिकडे. पण कर्करोग झालेल्या बायकांच्या नमुन्यांत ई-७ हे एक जनुक जवळजवळ जसंच्या तसं होतं. पेशींच्या वाढीवरचा लगाम काढून टाकणारं हे जनुक. ते बिघडलं की विषाणूला कर्करोग घडवता येत नाही. वहीत बाकी कुठेही खाडाखोड झाली तरी हे पान कोरं, स्वच्छच राहावं लागतं.

तर या संथ स्वभावाचा आपल्याला फायदा काय? तीन फायदे आहेत.

पहिला, लस. लशीत जिवंत विषाणू नसतो, फक्त त्याचं बाहेरचं कवच असतं. आतली वही रिकामी. हे कवच हळू बदलत असल्याने १६ विरुद्धची लस त्याच्या चारही शाखांवर चालते आणि ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागत नाही. स्कॉटलंडमध्ये २००८ मध्ये शाळकरी मुलींना लस द्यायला सुरुवात झाली. ज्यांनी ती १२-१३ व्या वर्षी घेतली, त्यांच्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एकही नोंद आढळली नाही, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे २००९ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात १७ हजारांहून अधिक मुली होत्या, त्यात पुणे आणि बार्शीही होतं. २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवल्यामुळे हजारो मुलींचा एकच डोस झाला. त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं, आणि एका डोसनेही दहा वर्षं चांगलं संरक्षण मिळाल्याचं दिसलं. आता तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही भारतीय लसही आहे.

दुसरा फायदा, वेळ. लागण झाली म्हणजे कर्करोग झाला, असं मुळीच नाही. बहुतेक बायकांचं शरीर एक-दोन वर्षांत विषाणूला घालवून देतं. काहींच्या शरीरात तो ठाण मांडतो, आणि तिथून कर्करोगापर्यंत जायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. एवढ्या काळात तपासणी करून घ्यायला वेळ मिळतो.

तिसरा फायदा याच तपासणीचा, आणि त्याचा पुरावा आपल्या मराठवाड्याने जगाला दिला. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख तीस हजार खेडोपाडीच्या बायका या अभ्यासात होत्या. बार्शीचं कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांचा त्यात मोठा वाटा. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच सेवा मिळालेल्या, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटात ६४. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता थोडं स्पष्ट बोलते. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून आपण गप्प बसतो. पण तो इतका सर्वत्र आहे की एकाच जोडीदाराबरोबर संसार केलेल्या बाईलाही होऊ शकतो. याचा चारित्र्याशी काही संबंध जोडू नका. आणि लस संबंध सुरू होण्याआधी घेतली तर जास्त उपयोगी, म्हणून ती नऊ ते चौदा वयात देतात. "आमची मुलगी तशी नाही" असं म्हणून तिची लस टाळणं म्हणजे तिचंच नुकसान.

सोसायटी सुरू झाली त्या वर्षी जन्मलेल्या मुली आज पंचवीस वर्षांच्या आहेत. वेळ अजून हातात आहे. घरात नऊ ते चौदा वयाची मुलगी असेल तर या महिन्यात डॉक्टरांना विचारा, डोस किती हे ते सांगतील. मुलग्यांबद्दलही विचारा, त्यांनाही ही लस देता येते. तिशी ओलांडलेल्या मैत्रिणींनो, लस घेतली असो वा नसो, तपासणी करून घ्या. उरलेले ३० टक्के कर्करोग इतर नंबरांचे असतात, हे विसरू नका. आणि पुरुष मंडळी, बायकोची अपॉइंटमेंट तुम्ही घेतलीत तरी चालेल.