सम्यक्त्व, पतन आणि पुनरुत्थान



ज्याला एकदा खरी श्रद्धा लाभली, तो पुढे घोर पापात पडला तर त्याचा मोक्षमार्ग कायमचा बंद होतो काय? जळगावच्या डाळ मिलमध्ये, सराफ बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरील पेढीवर बसणाऱ्या श्रावकासाठी हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. सकाळी सामायिक आणि दुपारी खोटे माप, असे ज्याच्या हातून घडते, त्याच्या आत्म्याचे काय, हाच तो प्रश्न आहे.

जैन कर्मसिद्धांताचे उत्तर सूक्ष्म आहे. सम्यक्त्वाचे तीन प्रमुख प्रकार सांगितले आहेत. औपशमिक सम्यक्त्व अंतर्मुहूर्त टिकते. क्षायोपशमिक सम्यक्त्व येते आणि जाऊही शकते. क्षायिक सम्यक्त्व मात्र एकदा प्राप्त झाले की कधीच जात नाही. अकराव्या गुणस्थानापर्यंत चढलेला साधकही दबलेला मोह पुन्हा उसळल्यामुळे खाली घसरतो. म्हणजेच पतन शक्य आहे. परंतु ज्याने एकदाही सम्यक्त्वाचा स्पर्श अनुभवला, तो अर्धपुद्गलपरावर्त काळाच्या आत निश्चित मोक्षाला जातो, असेही शास्त्र सांगते.

या आश्वासनाचा अर्थ पापाला मोकळीक असा कोणी लावू नये. तो काळ मर्यादित असला तरी मनुष्याच्या गणनेपलीकडचा आहे. श्वेतांबर परंपरेत भगवान महावीरांच्या सत्तावीस भवांचे वर्णन आहे. पहिल्या नयसाराच्या भवात त्यांना सम्यक्त्व लाभले. तिसऱ्या, मरीचीच्या भवात दीक्षा घेऊनही ते संयमातून ढळले आणि त्यांनी कुळाचा अहंकार केला. अठराव्या भवात त्रिपृष्ठ वासुदेव होऊन घोर हिंसा केली आणि त्यानंतर सातव्या नरकाची वेदना भोगली. सत्तावीसाव्या भवात तोच आत्मा तीर्थंकर झाला. बीज नष्ट झाले नाही. परंतु कर्माचा हिशेबही माफ झाला नाही.

मगधाधिपती श्रेणिकाचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. तो प्रभूंचा परमभक्त, क्षायिक सम्यक्त्वाचा धनी. तरीही सम्यक्त्वापूर्वी बांधलेले नरकायुष्य त्याला चुकले नाही. प्रथम नरकातील चौऱ्याऐंशी हजार वर्षांनंतर तो आगामी चोविसीचा पहिला तीर्थंकर होणार आहे. श्रद्धा दिशा बदलते. बांधलेले कर्म मात्र जीवालाच भोगावे लागते किंवा तपाने झिजवावे लागते.

मग पडलेल्याने काय करावे? उत्तराध्ययन सूत्रातील रथनेमीची कथा मार्ग दाखविते. गुहेत राजीमतीला पाहून त्या मुनीचे मन चळले. तिच्या कठोर, पण हितकर शब्दांनी तो सावरला, संयमात पुन्हा स्थिर झाला आणि अखेर सिद्धपदाला पोहोचला. त्याला वाचविले ते दोष झाकल्याने नव्हे, तर बोध तत्काळ स्वीकारल्याने.

आलोचना, प्रतिक्रमण आणि प्रायश्चित्त यांची व्यवस्था याचसाठी आहे. खोटी तूलमापे आणि भेसळ हे तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार म्हणून स्पष्ट सांगितले आहेत. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणणाऱ्याने ज्याच्याकडून कमी वजनात पैसे घेतले, त्याचे पैसे परत केले तरच ते शब्द खरे ठरतात. पतित बांधवाला समाजानेही हिणवून दूर लोटू नये. त्याला धर्मात पुन्हा स्थिर करणे, हे स्थिरीकरण, सम्यक्त्वाचेच एक अंग मानले आहे.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात पन्नास वर्षांच्या कार्याचा हिशेब मांडला जातो. प्रत्येक श्रावकाने आपल्या आत्म्याचाही असाच ताळेबंद मांडावा, हीच शुभकामना.

जय जिनेंद्र!