मागें राहिलेली ठेव
(नभोवाणीवरील भाषण)



घरांतील कर्तें माणूस निघून जातें. दिवस होतात, पाहुणे परततात, आणि एखाद्या दुपारीं त्या माणसाची पेटी उघडली जाते. चष्मा, औषधांच्या चिठ्ठ्या, जुन्या लग्नपत्रिका, आणि त्यांच्या खालीं पिवळें पडलेलें एक पासबुक. शेवटची नोंद पंधरा वर्षांपूर्वींची! ‘आतां याचे पैसे कोठले मिळायला?’ असें म्हणून तें पुन्हां पेटींत टाकणारीं घरें थोडींथोडकीं नाहींत. आज मला दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. तें पासबुक टाकूं नका. आणि पैसे हातीं आल्यावर ते कोणाचे, हें विसरूं नका.

प्रथम शोधाविषयीं. बँकेंतील खात्यावर १० वर्षें खातेदाराकडून कांहींच व्यवहार झाला नाहीं, अथवा मुदत संपून १० वर्षें लोटलीं तरी ठेव कोणी मागितली नाहीं, म्हणजे बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे पाठविते. २०१४ पासून ही व्यवस्था चालू आहे. परंतु निधीकडे गेलेली रक्कम सरकारजमा झाली, असें नव्हे. वारसाला ती केव्हांहि मागतां येते. मागणी मात्र मूळ बँकेकडेच करावयाची. मृत्यूचा दाखला व आपल्या नात्याचा पुरावा बरोबर न्यावयाचा. खातें कोणत्या बँकेंत होतें हेंच ठाऊक नसेल, तर रिझर्व्ह बँकेनें २०२३ सालीं सुरू केलेलें ‘उद्गम’ हें संकेतस्थळ उपयोगी पडतें. मृताचें नांव आणि पॅन क्रमांक किंवा जन्मतारीख यांसारखी एखादी खूण दिली, कीं अनेक बँकांतील अशा ठेवींचा शोध एके ठिकाणीं घेतां येतो. त्यास एक पैहि पडत नाहीं.

शेअरांचेंहि असेंच आहे. लाभांश सलग ७ वर्षें कोणी घेतला नाहीं, तर त्याच्याबरोबर ते शेअरहि सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. पण वारसानें रीतसर अर्ज केल्यास परत मिळूं शकतात. विम्याच्या बाबतींत मात्र सावध राहिलें पाहिजे. १० वर्षांहून अधिक काळ न मागितलेली विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीकडे जाते, आणि त्यानंतर २५ वर्षांत कोणी मागणी केली नाहीं, तर ती कायमची सरकारची होते.

आतां दुसरी गोष्ट. बँकेच्या कागदावर ज्याचें नांव नामनिर्देशित म्हणून लिहिलें आहे तोच मालक, अशी समजूत घरोघर आढळते. ती चुकीची आहे. त्याच्या हातीं पैसे दिले म्हणजे बँक आपल्या जबाबदारींतून मोकळी होते, एवढाच त्या नोंदीचा अर्थ. घेणारा विश्वस्त; मालक वारस. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं बँकेच्या ठेवींविषयीं आणि २०२३ सालीं शेअरांविषयीं हेंच सांगितलें आहे. विम्यांत मात्र २०१५ च्या दुरुस्तीनें आईबाप, पतिपत्नी किंवा अपत्यें नामनिर्देशित असल्यास त्यांना स्वतःचा हक्क मिळाला आहे.

हा भेद केवळ वकिलांच्या कामाचा नव्हे. थोरल्या मुलाचें नांव वडिलांनीं सोयीसाठीं लावलेलें असतें. तो पैसे आणतो, आणि सासरीं गेलेल्या बहिणीला कळवावें, असें त्याच्या मनांतहि येत नाहीं. मृत पुरुष हिंदु असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणें त्याच्या मिळकतींत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचे हिस्से सारखे आहेत. बहिणीला न सांगतां घेतलेली रक्कम लहान असली, तरी तिनें पडणारें अंतर लहान नसतें.

शेवटीं, जे आज हयात आहेत त्यांच्यासाठीं एक विनंति. येत्या रविवारीं अर्धा तास काढा. खातीं, विमापत्रें, शेअर यांची एक यादी आपल्या हातानें लिहा आणि ती कोठें ठेविली आहे, हें घरांतील दोघांना तरी सांगून ठेवा. आपण काटकसर केली ती मुलाबाळांसाठीं. तिचा पत्ताहि त्यांना देऊन ठेवणें, हें त्याच काटकसरीचें उरलेलें अर्धें काम आहे.