येळवशीचे ताट
(महोत्सवी मेळाव्यात दिलेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आणि ‘नित्याच्या जीवनात स्फूर्ती कोठून मिळवावी’ हा विषय मजपुढे ठेवण्यात आला. विषय मोठा आणि वक्ता लहान. यास्तव थोरांचे ग्रंथ धुंडाळीत न बसता मी आपणांस रेणापूरच्या शिवारात घेऊन जाणार आहे. रेणा नदीच्या काठी वसलेले हे गाव रेणुकादेवीच्या देवस्थानामुळे सर्वांस ठाऊक आहे. मला मात्र आज सांगावयाचे आहे ते तेथील काळ्या जमिनीविषयी, आणि त्या जमिनीत वर्षातून एकदा वाढल्या जाणाऱ्या ताटाविषयी.

मार्गशीर्ष अमावास्येला आपल्याकडे येळवस होते. लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत त्या दिवशी बाजारपेठा ओस पडतात, आणि सारे लोक शेतात. मालक शेतकरी आंबिलीचे मडके डोक्यावर घेऊन निघतो; मागून टोपल्या घेऊन घरची मंडळी. कडब्याची लहानशी कोप उभारतात, तीत चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. ती पूजा आपली नव्हे. परंतु पूजेनंतरचे ताट मात्र येईल त्याचे असते. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला अगत्याने बोलावतो, आणि त्याची जात वा धर्म कोणी विचारीत नाही.

आता त्या ताटाकडे पाहा. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील आणि या सर्वांची राणी भज्जी. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, असे त्या आठवड्यात शिवारात जे हिरवे असेल ते सारे चिंचेच्या कोळात आणि बेसनात एकजीव होते. हा पदार्थ आषाढात करू म्हटले तर साधत नाही आणि चैत्रातही साधत नाही. ऋतूने जे पुढे केले त्यातूनच सुगरणीने आपली कला दाखवावयाची. काव्य करणाऱ्यास वृत्ताचे बंधन असते, तद्वत हिला ऋतूचे. बंधन आहे म्हणूनच तिच्या हाताला चव आहे, असे मी समजतो.

परंतु बंधुभगिनींनो, या सणातील खरी गोष्ट याहून निराळी आहे. मुंबई–वसईकडील आपले बांधव ऑक्टोबरात ‘आगेरा’ साजरा करतात; गोव्यात कणसांचे फेस्त होते. तेथे नव्या भाताच्या लोंब्या वेदीपाशी आणून आशीर्वादित करतात. म्हणजे काही तरी हाती आलेले असते. येळवशीला आमची ज्वारी मात्र अद्याप पोटरीत असते. पाऊस केव्हाच सरलेला; काळ्या मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ते पीक उभे असते. कणीस भरेल की नाही, अवकाळी गारा पडतील की चिकटा पडेल, कोणास सांगता येत नाही. अशा वेळी शेतकरी शेतात जातो, भूमीला आधी घास देतो, आणि मग आपण जेवतो. मिळाल्यावर आभार मानणे हे सौजन्य होय. मिळण्यापूर्वी मानणे याला श्रद्धेखेरीज दुसरा शब्द मला सापडत नाही.

आपण म्हणाल, पीक बरे असता हे सोपे आहे. मान्य. म्हणूनच मी आपणांस एका वाईट सालाची आठवण देतो. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. पहिली गाडी 12 एप्रिलला पोहोचली, तीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याआधीच्या जानेवारीत जी येळवस आली, तिच्यावर या संकटाची छाया आधीच पडली होती.

त्या दिवशी रेणापूर शिवारातील एका वृद्ध बाईंनी मला जेवावयास बोलाविले होते. ज्वारी गुडघ्याएवढीच, पाने गुंडाळलेली, जमिनीला भेगा. हिरवे दाणे कोठले? बाईंनी आदल्या रात्री घरातील सुके हरभरे, वाटाणे भिजत घातले होते आणि त्यांचीच भज्जी केली होती. ताक थोडे म्हणून आंबील पातळ. मी न राहवून विचारले, “मावशी, यंदा शेतानं काहीच दिलं नाही, तरी एवढा खटाटोप कशाला?”

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक उंडा वाढला आणि म्हणाल्या, “लेकरू आजारी पडलं तर त्याच्या उशाला बसावं का त्याला टाकून जावं? खा गुमान.”

मी मुकाट्याने जेवलो. पुष्कळ प्रवचने मी ऐकली आहेत. त्यांतील थोडीच इतकी ध्यानात राहिली.

त्या उत्तरात मला माझ्या विषयाचा उलगडा झाला. स्फूर्ती म्हणजे मन प्रसन्न असता येणारी लहर, अशी आपली समजूत असते. म्हणून आपण तिची वाट पाहत बसतो. त्या बाई वाट पाहत बसल्या नाहीत. ऋतूने हात आखडला तेव्हा त्यांनी डबे उघडून पाहिले, जे होते ते भिजत घातले, आणि दुष्काळातही पाहुणा बोलाविला. स्फूर्ती त्यांना शेताने दिली नाही. त्यांनीच ती शेताला दिली.

तेव्हा या महोत्सवाच्या दिवशी माझे मागणे अल्पच आहे. वर्षातून निदान एकदा आपल्या मुलांना शिवारात न्या. तूर कशी लागते, हरभऱ्याचा घाटा आंबट का लागतो, हे त्यांना जिभेने कळू द्या. ज्या ऋतूत जे पिकते ते घरात शिजू द्या. आणि ज्या वर्षी काहीच पिकणार नाही, त्या वर्षी ताट मांडावयाचे चुकवू नका. एक पान अधिकच मांडा.

काळ्या मातीप्रमाणे आपल्याही अंतःकरणात कृपेची ओल पाऊस सरल्यावरही टिकून राहो, एवढीच प्रभूचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.