नोटेवरची सही

(राणीसावरगाव येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत, आणि पंगत तयार आहे हेही कानात सांगितलं आहे. विषय त्यांनी दिला होता, 'बँकेतले माझे अनुभव'. तो मी थोडा बदलून घेतला. निवृत्त बँकवाला अनुभव सांगायला लागला की थांबत नाही, हे मला घरातूनच कळलं आहे. त्यापेक्षा ज्या माणसाचं नाव मी पहिल्यांदा याच शाळेत ऐकलं, त्याच्याबद्दल बोलतो.

आपण नववीत होतो. सरांनी खिशातून दहाची नोट काढली आणि विचारलं, "यावर सही कुणाची?" मागच्या बाकावरून कुणीतरी "इंदिरा गांधी" म्हणालं. मी पुढच्या बाकावरचा, म्हणून नोट माझ्या हातात आली. मी वाचलं, गव्हर्नर. "गव्हर्नर म्हणजे कोण रे?" मी म्हणलं, "राज्यपाल, सर." वर्ग हसला नाही, कारण वर्गालाही तेच वाटत होतं. हसले फक्त सर. मग त्यांनी फळ्यावर एक नाव लिहिलं, चिंतामण द्वारकानाथ देशमुख. नोटेवर सही आलेला हा पहिला हिंदी गव्हर्नर, आणि तो मराठी. सर आज समोर बसले आहेत. सर, तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं, कारण नोट परत द्यायला मी विसरलो होतो आणि तुम्ही ती मधल्या सुट्टीत मागून घेतलीत.

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगडाच्या पायथ्याकडे महाडजवळच्या नाते गावचा. घराणं रोह्याचं, वडील वकील. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे केंब्रिजला गेले, आणि तिथे शिकले काय, तर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र. १९१८ साली लंडनला आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले. मग वीसेक वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात सरकारी नोकरी. म्हणजे ज्यांना आपण मोठे अर्थतज्ज्ञ म्हणतो त्यांची पदवी झाडापानांची होती. पैशाचं शास्त्र ते महसुलाच्या फायलींतून आणि अंदाजपत्रकांतून शिकले. आमच्या बँकेत एम.ए. अर्थशास्त्र झालेले पुष्कळ होते आणि सातबारा वाचता येणारे थोडे, म्हणून ही गोष्ट मला फार आवडते.

१९३९ च्या जुलैमध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. बँक तेव्हा जेमतेम चार वर्षांची. १९४१ अखेर डेप्युटी गव्हर्नर झाले. १९४३ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जेम्स टेलर वारले आणि ११ ऑगस्ट १९४३ ला देशमुख त्या खुर्चीवर बसले. वय ४७.

आता ते साल बघा. १९४३. बंगालात लाखो माणसं भुकेनं मरत होती, आणि त्याच वेळी नोटा मात्र भरमसाट छापल्या जात होत्या. हे कसं, ते आपल्या भाषेत सांगतो. समजा गंगाखेडच्या अडतीवर एक जबरदस्त गिऱ्हाईक आलं. धान्य, कापूस, कातडी, सगळं उचललं. रोख दिली नाही. म्हणालं, लंडनच्या वहीत तुमच्या नावावर जमा केलेत, लढाई संपली की बघू. अडत्यानं त्या वहीच्या भरवशावर गावात चिठ्ठ्या वाटल्या. माल गेला, चिठ्ठ्या राहिल्या. चिठ्ठ्या वाढल्या, माल घटला, मग भाव कुठे जाणार? इंग्लंडनं लढाईसाठी हिंदुस्थानातून जे घेतलं त्याचे पौंड लंडनला जमा व्हायचे, आणि त्या कागदांच्या तारणावर रिझर्व्ह बँक इथे रुपये काढायची. कायद्यानं तशी मुभाच होती. लढाई सुरू झाली तेव्हा देशात सुमारे १८० कोटींच्या नोटा फिरत होत्या. संपली तेव्हा १२०० कोटींच्या आसपास. आणि गव्हर्नर झाल्यापासून नव्या नोटांवर सही देशमुखांची.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. या माणसाला कळत नव्हतं का? कळत होतं. पण गव्हर्नरला लढाई थांबवता येत नव्हती आणि व्हाइसरॉयचं सरकार त्याला विचारून खर्च करत नव्हतं. त्यांनी जे केलं ते असं, की वही नीट ठेवली आणि लंडनवरचा हक्क सोडला नाही. १९४४ च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटन वुड्सला जागतिक बँक आणि नाणेनिधीची मांडणी झाली. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात देशमुख होते. तिथे या शिष्टमंडळानं पौंडाच्या थकबाकीचा विषय काढला. गुलाम देश मालकाकडे, चारचौघांत, उधारी मागत होता! विषय परिषदेच्या कामकाजात घेतला गेला नाही, पण केन्ससारख्या माणसाला उठून सांगावं लागलं की इंग्लंड हे देणं फेडेल. तरीही माझं मत सांगतो. बंगालच्या माणसाला त्या वहीचा उपयोग झाला नाही. मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना हे गाळायचं नसतं.

१९४६ च्या जानेवारीत सरकारनं ५००, १००० आणि १०,००० च्या नोटा रद्द केल्या. देशमुख या उपायाबद्दल उत्साही नव्हते. सुमारे १४४ कोटींच्या नोटांपैकी १३५ कोटींच्या आसपास बदलून नेल्या गेल्या. काळा पैसा म्हणून जो बुडाला तो नऊ कोटींचा. २०१६ च्या नोव्हेंबरात काउंटरच्या आत घाम पुसत मी हे आकडे आमच्या एका तरुण कॅशियरला सांगितले. तो म्हणाला, "साहेब, आधी ही रांग संपवू." तोही बरोबरच होता.

मग फाळणी. घर वाटलं, तिजोरीवाला एकच राहिला. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची बँक होती. पाकिस्तानात सुरुवातीला ज्या नोटा चालल्या त्या नाशिकला छापलेल्या आपल्याच नोटा, वर इंग्रजी-उर्दूत पाकिस्तान सरकार असं छापलेलं, आणि त्यांवर देशमुखांची सही. काश्मीरवरून लढाई चालू, पाकिस्तानच्या वाट्याचे ५५ कोटी द्यायचे की नाही यावर दिल्लीत रण माजलेलं, आणि हा माणूस मुंबईत बसून दोघांचे हिशेब सांभाळतोय. १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली. त्याच वर्षी बँकांना शिस्त लावणारा कायदा आला. ३० जूनला त्यांनी खुर्ची सोडली.

आता तुम्ही म्हणाल, यात राणीसावरगाव कुठे आहे? मित्रांनो, कुठेच नाही. मला मुद्दाम सांगायचं आहे ते हेच. देशमुख गव्हर्नर होते त्या काळात त्यांची सही ही आपल्या गावची सही नव्हती. आपण निजामाचे. आपला रुपया हाली, तिकडचा तो कलदार. ७ हाली दिले की ६ कलदार यायचे. पंधरा ऑगस्टला देश स्वतंत्र झाला तेव्हाही आपण हालीतच होतो. निजाम सरकारनं तर वटहुकूम काढून कलदार बंद केला आणि पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज देऊन टाकलं. तेही भारत सरकारच्या रोख्यांत.

त्या वर्षी रझाकारांच्या भीतीनं आमच्या आबांनी घरच्यांना वऱ्हाडात नातलगांकडे नेऊन ठेवलं. बरोबर होते ते हाली पैसे. तिथला दुकानदार नोट उलटीपालटी करायचा आणि मनाला येईल तो बट्टा कापायचा. आबा सांगायचे, "भूक तीच, पैसा तोच, सरहद्दीच्या अलीकडं पोटभर अन् पलीकडं अर्धपोट." पोलीस कारवाई झाली, सगळे परत आले. १९५० पासून आपल्याकडे कलदार रीतसर सुरू झाला आणि हाली हळूहळू मागे पडला. आबांनी मात्र पाच-पाचच्या अकरा नोटा डब्यात ठेवून दिल्या. का, तर एकदा बट्टा बसलेला माणूस दुसऱ्यांदा बदलायला जायला भितो. सरकार बदललं तरी शिक्का तो शिक्का, असं त्यांचं म्हणणं. १९५९ साली हाली कायमचा बाद झाला. पंचावन्न रुपयांत तेव्हा एक गोऱ्हा आला असता, हे आजीनं त्यांना मरेपर्यंत ऐकवलं.

हा बदल सुरू होता तेव्हा, १९५० पासून १९५६ पर्यंत, दिल्लीत अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. म्हणजे उशिरा का होईना, ते आपल्या गावापर्यंत आले.

त्याच काळात रिझर्व्ह बँकेनं सगळ्या देशात खेड्यातल्या कर्जाची पाहणी केली. अहवाल आला १९५४ ला. शेतकरी शंभर रुपये कर्ज काढतो त्यातले सुमारे ७० सावकाराचे, आणि सहकारी संस्थांचे फक्त तीन. त्या अहवालावरून इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, १ जुलै १९५५ ला, आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडायचं बंधन तिच्यावर घातलं गेलं. साहेबलोकांची बँक तालुक्याला आली ती अशी. आपल्यातल्या सात-आठ जणांना पुढे बँकांत नोकऱ्या लागल्या, त्याचं मूळ शोधत गेलात तर इथं येतं.

आणि आता एक गोष्ट, जी मी इथंच सांगू शकतो. ज्या बँकेत नोकरी केली तिचं नाव घेत नाही, गावाचंही नाही. मी शाखाधिकारी होतो. मार्च महिना आला की वसुलीचा आकडा लागायचा. त्यासाठी आम्ही नवं-जुनं करायचो. शेतीवाल्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. शेतकऱ्यानं जुनं पीककर्ज भरायचं, लगेच त्याला नवं द्यायचं. कागदावर वसुली शंभर टक्के, थकबाकी शून्य. पण भरायला पैसा आणायचा कुठून? सावकाराकडून, आठ दिवसांच्या बोलीवर. हे आम्हाला माहीत असायचं. एका शेतकऱ्याला मी स्वतः म्हणालो, "काका, भरा तुम्ही, आठ दिवसांत नवं देतो, माझा शब्द." त्यांनी भरले. वरून मंजुरी अडकली. आठ दिवसांचे अडीच महिने झाले. पेरणी गेली, सावकाराचं व्याज चढलं, दोन एकर गेली. माझ्या फायलीत ते खातं आजही नियमित असेल. त्यावर सही माझी आहे.

ते काका पुन्हा शाखेत आले तेव्हा भांडले नाहीत. म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणलात म्हणून भरले." इतकंच. मी बदली मागून घेतली. राजीनामा दिला नाही. घरी दोन मुलं शिकत होती, कर्ज माझ्याही डोक्यावर होतं. हे कारण खरं आहे, आणि तरी ते मला पुरत नाही.

म्हणून देशमुखांचं १९५६ साल मला वारंवार आठवतं. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं. मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली. देशमुख तेव्हा कुलाब्याचे खासदार आणि देशाचे अर्थमंत्री. त्यांनी राजीनामा दिला, जुलैत मंत्रिमंडळातून बाहेर पडले. लोकसभेत उभं राहून सांगितलं, की हा निर्णय मंत्रिमंडळात रीतीनं झाला नाही, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारणं चूक आहे. पंतप्रधान समोर बसलेले असताना. आपण मराठी माणसं त्यात मराठी बाणा बघतो, टाळ्या वाजवतो. मला त्यात बँकवाला दिसतो. लढाईच्या वर्षांत ज्या कागदांवर सही करावी लागली त्या केल्या. इथे मात्र त्यांनी सही नाकारली. यातला फरक त्यांना कसा कळला असेल, हे मला त्यांना विचारायचं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण आचारी दारातून बघतोय. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९५९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ ला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली आणि हरले. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं होतं. संस्कृतची शिष्यवृत्ती फुकट गेली नाही. १९५३ साली दुर्गाबाईंशी लग्न झालं. त्या आंध्रातल्या स्वातंत्र्यसैनिक, घटना समितीच्या सदस्य. शेवटची वर्षं दोघं हैदराबादला राहिले. तिथेच २ ऑक्टोबर १९८२ ला देशमुख गेले. हैदराबादला, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या राजधानीत.

सर, तुमची दहाची नोट मी तेव्हाच परत दिली होती. आज एक दुसरी आणली आहे. आबांच्या अकरा नोटांपैकी दहा कुठं कुठं गेल्या, ही एक राहिली. कडा झिजल्या आहेत, मधे घडीवर फाटली आहे, पण उर्दूबरोबर मराठीतली किंमत अजून वाचता येते. मुख्याध्यापकांशी बोललो आहे, प्रयोगशाळेशेजारच्या कपाटात काचेखाली जागा आहे म्हणाले. शेजारी आजची दहाची नोट ठेवा, ती मीच देतो. आणि पुढच्या नववीला विचारा, यावर सही कुणाची. कुणी राज्यपाल म्हणालं तर हसू नका.

चला, पंगत बसू द्या.