मोबाईलची वायर आणि गृहिणीचे लक्ष

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणीतरी एका गृहोपयोगी विषयावर बोलावे, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी मोबाईलच्या चार्जरवर आणि वायरीवर बोलते असे म्हटले, तेव्हा काही जणी हसल्या. एक काकू तर म्हणाल्या, "अगो, वायरीवर काय बोलायचं? भिंतीला लावली की झालं!" माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, विजेचे शास्त्र मी शिकलेली नाही. परंतु माझे धाकटे दीर मोबाईल दुरुस्तीचे काम करतात. त्यांना विचारून विचारून, आणि घरात रोज पाहून जे मला कळले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहे.

आपल्या घरात तांदूळ किती उरला, गॅसची टाकी कधी लावली, हे आपल्याला पाठ असते. पूर्वी रॉकेल किती आहे आणि कंदिलाची काच पुसली की नाही, हेही घरातली बाईच पाहत असे. मोबाईलची वायर मात्र कोणाच्याच खात्यावर नाही. ती मुलगा ओढतो, नातू चावतो, आणि वेळेला कोणालाच सापडत नाही. आता मोबाईल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज आपल्यांतल्या कितीतरी जणींनी मोबाईलवरून भरले. बँकेचा ओटीपी त्यावर येतो, गॅसचा नंबर त्यावर लागतो, अंगणवाडीच्या ताईंची सगळी नोंद त्यावर असते. महाड-पोलादपूरच्या पुष्कळ घरांतली कर्ती माणसे मुंबईला. त्यांची खुशाली त्यावरच कळते. म्हणून कंदिलाइतकेच ह्या वायरीकडे लक्ष द्यावे, एवढेच माझे आजचे सांगणे आहे.

ह्या गोष्टीची किंमत आपल्या भागाला जास्त आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या जिल्ह्यात कितीतरी गावे दिवसचे दिवस अंधारात होती. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, महाबळेश्वरच्या डोंगरावर २४ तासांत ५५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. सावित्रीचा उगम तिथला. तिच्याबरोबर काळ आणि गांधारीही फुगली, आणि महाडच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले. वीज गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. रस्ते पाण्याखाली, फोन मुके; तळियेला बाहेरची मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

भरलेल्या मोबाईलने डोंगर थांबला नसता, हे मलाही कळते. मनोराच बंद असला तर भरलेला फोनही मुकाच. परंतु अशा दिवसांत मनोरा मधूनच जागा होतो आणि पुन्हा झोपतो. त्या थोड्या वेळात ज्या घरचा फोन चालू असेल, ते घर ११२ ला हाक मारू शकते आणि मुंबईला कळवू शकते की आम्ही सुखरूप आहोत. ज्यांचा फोन मेलेला, त्यांची माणसे तिकडे अन्नपाणी सोडून बसतात. म्हणून हा विषय मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही.

आता वस्तूंची ओळख करून घेऊ. आपण सगळ्यालाच चार्जर म्हणतो, पण ती दोन माणसे आहेत. भिंतीच्या बोर्डात बसतो तो ठोकळा म्हणजे अडॅप्टर, आणि त्याला लागते ती वायर. बोर्डात २३० व्होल्ट असतात. एवढा जोर मोबाईलला सोसत नाही. अडॅप्टर तो उतरवून ५ व्होल्ट करतो, आणि घरची उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने वाहणारी करून देतो. धरणाचे पाणी पाटाने शेतात सोडावे तसेच हे काम. तो पाट म्हणजे आपली वायर.

ठोकळ्यावर बारीक अक्षरांत मजकूर असतो. इंग्रजी येत नसले तरी आकडे आपल्याला वाचता येतात. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर असे असेल तर त्यांचा गुणाकार १०. तो १० वॉटचा ठोकळा. ९ व्होल्ट आणि २ अँपिअर असेल तर १८ वॉटचा. वॉट जास्त तितका फोन लवकर भरतो. पुष्कळ जणींना भीती वाटते की मोठा ठोकळा लावला तर फोन जळेल. तसे होत नाही. चांगल्या बनावटीचा ठोकळा आधी ५ व्होल्टच देतो. फोनने मागितले तरच जास्त देतो, आणि फोनही सोसेल तेवढेच घेतो. उलट मुलांच्या अभ्यासाच्या टॅबला जुना ५ वॉटचा ठोकळा लावला, तर टॅब रात्रभर भरतो आणि तरी पुरा होत नाही. टॅबची बॅटरी मोठी असते. टॅब बिघडला असे समजून दुकानात नेण्याआधी ठोकळ्यावरचा आकडा पाहावा.

वायरीचेही तसेच. वरचा प्लास्टिकचा पट्टा जाड दिसला म्हणजे आतली तांब्याची तार जाड असते असे नाही. तार बारीक आणि वायर लांब असली, म्हणजे वाटेतच जोर मरतो. फोन सावकाश भरतो आणि वायर गरम होते. पलंगापर्यंत पोचते म्हणून दोन-तीन मीटरची स्वस्त वायर आणू नये. एक मीटरची बरी.

आता टोकांची गोष्ट. जुन्या फोनला बारीक पिन होती, ती एकाच बाजूने बसे. नव्याला सी-टाईप पिन आहे, ती कशीही घाला, बसते. ह्या यूएसबी जोडणीमागे आपल्याकडचा माणूस आहे, हे मला ठाऊक नव्हते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले श्री. अजय भट्ट अमेरिकेत इंटेल कंपनीत होते. घरात छपाईचे यंत्र संगणकाला जोडताना किती खटपट पडते, हे त्यांनी पाहिले, आणि सगळ्याला एकच जोडणी का असू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. १९९६ साली त्यांच्या व इतरांच्या प्रयत्नाने यूएसबी आली. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन तेव्हाच करता आली असती, पण खर्च वाढला असता, म्हणून ती एकाच बाजूची ठेवली, असे त्यांनी पुढे सांगितले. सी-टाईप २०१४ साली आली. युरोपातल्या देशांनी २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला आणि टॅबला हीच पिन सक्तीची केली. महागडा आयफोनसुद्धा २०२३ साली ह्या पिनेवर आला. आपल्याला ह्याचा फायदा असा की सासूबाईंचा फोन, मुलाचा टॅब आणि आपला फोन एकाच वायरीवर भरता येतो. नवा फोन घेताना ही पिन आहे का, एवढे विचारून घ्यावे.

खरेदीबद्दल दोन शब्द. माझ्या दिरांनी एकदा रस्त्यावर मिळणारा स्वस्त ठोकळा आणि कंपनीचा ठोकळा असे दोन्ही माझ्यासमोर उघडले. कंपनीच्या ठोकळ्यात २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू ह्यांच्यामध्ये चांगली मोकळी जागा सोडलेली होती, आणि तारेच्या वेटोळ्यावर पिवळी पट्टी गुंडाळलेली होती. स्वस्तात दोन्ही बाजू जवळजवळ चिकटलेल्या. "वहिनी," ते म्हणाले, "ही मधली जागा म्हणजे विहिरीचा कठडा. स्वस्तात तोच नसतो." मध्ये आड राहिली नाही, तर २३० व्होल्ट सरळ वायरीत येऊ शकतात. म्हणून ठोकळ्यावर आणि पावर बँकेवर भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहावी. तिच्यात आयएस नंबर आणि 'आर' अक्षरापुढे आठ आकडे असतात. ते आकडे 'बीआयएस केअर' ह्या ॲपमध्ये घातले की खरे-खोटे कळते. घरातल्या शिकत्या मुलीला सांगितले तर दुकानात उभ्या उभ्या पाहून देईल.

लहान मुलांच्या आयांनी पुढचे मन लावून ऐकावे. ऑगस्ट २०२३ मध्ये कारवार तालुक्यात आठ महिन्यांच्या एका बाळाने चालू बोर्डाला लटकत असलेल्या चार्जरचे टोक तोंडात घातले, आणि ते बाळ गेले. फोन काढून घेतला, पण बटण चालूच राहिले होते. बाळाच्या हाताला जे लागते ते तोंडात जाते. तेव्हा फोन काढला की आधी बटण बंद करावे, मग ठोकळा काढून वायर गुंडाळून उंच ठेवावी. आपल्या घरात हा नियम भांडी पालथी घालण्याइतका अंगवळणी पडला पाहिजे.

इतर पथ्ये थोडक्यात सांगते. उशीखाली किंवा गोधडीत फोन भरायला ठेवू नये, उष्णता कोंडते. ओल्या हाताने पिन काढू नये. वायर ओढून न काढता टोक धरून काढावी. गुंडाळताना कळशीच्या कड्यासारखी मोठी वेटोळी करावी. घट्ट पीळ दिला की तार टोकाशी तुटते. वरचे आवरण फाटून आतली तार दिसू लागली, तर चिकटपट्टी लावून वापरत बसू नये, वायर टाकून द्यावी. फोनच्या भोकात खिशातला कापूस-धूळ साठते आणि पिन सैल बसते. तेव्हा फोन बंद करून सुक्या लाकडी दातकोरणीने हलकेच काढावी. सुई किंवा टाचणी घालू नये. वीज कडाडत असताना ठोकळा बोर्डातून काढून ठेवावा. प्रवासात सार्वजनिक ठिकाणी भिंतीत नुसतीच यूएसबीची भोके असतात. त्यांतून फोनमधली माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२२ सालच्या आपल्या 'बी अवेअर' पुस्तिकेत दिला आहे. म्हणून आपला ठोकळा आपल्या पिशवीत असावा.

विजेच्या बिलाची काळजी करणाऱ्यांसाठी हिशेब सांगते. साधारण ५,००० एमएएचचा फोन एकदा पुरा भरायला, वाया जाणारी धरून, सुमारे २५ वॉट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये तो ४० वेळा भरतो. रोज भरला तरी महिन्याला एक युनिटही होत नाही. तेव्हा सुनेच्या मोबाईलमुळे बिल वाढले असे कोणी म्हणू नये!

आता पावसाळ्याची तयारी. मृगाच्या आधी आपण लाकडे, सुकी मासळी, कडधान्ये भरतो, त्यात ही बेगमी घालावी. प्रत्येक घरी एक पावर बँक असावी. तिच्यावर १०,००० लिहिलेले असते, म्हणून ५,००० चा फोन दोनदा भरेल असे वाटते. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. बाहेर ५ व्होल्ट करून देताना आणि उष्णतेत जाऊन सुमारे ६,००० उरतात. म्हणजे फोन एकदा पुरा आणि वर थोडासा. खरा आकडा तिच्यावर बारीक अक्षरात दिलेला असतो. नुसती घेऊन कपाटात ठेवली तर ती हळूहळू उतरते, म्हणून महिन्यातून एकदा भरावी. संकष्टीचा दिवस धरला तर लक्षात राहते. ती आणि एक जादा वायर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवावी. वीज गेली आणि पाऊस थांबेना, तर घरातला एकच फोन चालू ठेवावा, बाकीचे बंद करावेत. पडद्याचा उजेड कमी करावा, इंटरनेट बंद ठेवावे. व्हिडिओ तर नकोच. असा फोन दोन दिवस सहज तग धरतो.

फोन पाण्यात पडला तर घाईने चार्जिंगला लावू नये; ओल्या पिनेत वीज गेली की ती जळते. बंद करून, भोक खाली करून हलकेच झटकावा आणि वाऱ्याला ठेवावा. चुलीजवळ ठेवू नये. तांदळातही पुरू नये; तांदळाचा कोंडा भोकात शिरतो. पुरात भिजलेला बोर्ड वायरमनने पाहिल्याशिवाय त्यात कोणताच ठोकळा घालू नये. पावर बँक फुगली असेल तर तिला टोचू नये, भरू नये आणि कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नये. दुरुस्तीच्या दुकानात नेऊन द्यावी.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. आपल्या वर्गणीतून तीन मोठ्या पावर बँका आणि दोन्ही प्रकारच्या पिनांच्या वायरी घेऊन एका डब्यात ठेवाव्यात. डबा गावातल्या उंचावरच्या घरी असावा, आणि ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात दोन सभासदांनी तो उघडून, भरून, तपासून पाहावा. ज्या म्हाताऱ्या एकट्या राहतात, त्यांच्या फोनकडे पहिल्यांदा पाहावे. त्यांची मुले मुंबईत बसून त्यांच्याच आवाजाची वाट पाहत असतात. हे काम करायला मी तयार आहे. दुसरी एखादी भगिनी पुढे आली तर ह्याच पावसाळ्यापासून सुरू करता येईल.

 सभा संपल्यावर ज्यांना आपला ठोकळा दाखवायचा असेल त्यांनी जरूर दाखवावा. त्यावरचे आकडे आपण मिळून वाचू.