टोळीचा मुकादम



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली ज्या व्याख्यानमालेचा पाया घातला, तीत उभे राहण्याचा मान एका युनियनवाल्याला मिळाला, याबद्दल आम्ही चालकांचे आभारी आहोत. आमच्याजवळ पदवी नाही. जे वाचले ते रात्रशाळेत आणि पुढे युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून. जे शिकलो ते कारखान्याच्या दरवाजावर. आजचा विषय असा आहे, की कामाच्या ठिकाणी माणसे एकदिलाने कशी राबतील आणि त्यांच्या पुढाऱ्याच्या अंगी काय असावे. या विषयावर आजकाल मोठमोठ्या हॉटेलांत दोन दोन दिवसांची शिबिरे भरतात. तिथे अधिकाऱ्यांना दोरखंड ओढायला लावतात, फुगे फुगवायला लावतात, आणि संध्याकाळी सांगतात की आता तुमची टीम झाली. आम्ही त्या शिबिरांची थट्टा करणार नाही. मात्र त्याच प्रश्नाकडे आम्ही खालच्या पायरीवरून, म्हणजे ओझे जिथे उचलले जाते तिथून पाहणार आहोत.

पुण्याच्या बाजारात हमालांची टोळी मालाची गाडी खाली करते, ते दृश्य आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. दोघे गाडीवर चढून पोते पाठीवर देतात, चौघे वाहतात, एकजण थप्पी लावतो. पाय कुणी कुणाच्या आड घालत नाही. ज्याची कंबर धरली आहे त्याच्या वाट्याला हलके काम येते, आणि ते कुणी बोलूनही दाखवीत नाही. दिवस मावळला की हमाली मोजली जाते आणि वाटली जाते. या माणसांना टीम हा शब्द कुणी शिकविलेला नाही. तेव्हा आमचे पहिले म्हणणे हे, की माणसे जिथे एकत्र राबतात तिथे टोळी आपोआप जमलेलीच असते. ती बांधावी लागत नाही. तिचा विश्वास मिळवावा लागतो.

ही नुसती युनियनवाल्याची समजूत नव्हे. अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२४ पासून १९३२ पर्यंत काही प्रयोग झाले. हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो यांच्या नावाशी ते जोडलेले आहेत. सहा मुलींना एका वेगळ्या खोलीत बसविले. पाचजणी टेलिफोनचे सुटे भाग जुळवीत, सहावी सामान पुरवी. त्यांना मधली सुटी दिली, कामाचे तास कमी केले, त्यांचे म्हणणे विचारले, काम वाढले. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ही गोष्ट नेहमी सांगतात. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. १९२८ च्या आरंभी त्यांतल्या दोघींना फार बोलतात, ऐकत नाहीत म्हणून बदलून टाकले. म्हणजे बोला म्हणून सांगायचे, आणि बोलले की काढायचे !

तिसरी गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. १९३१-३२ साली तिथेच दुसऱ्या खोलीत चौदा पुरुष कामगार बसविले. त्यांनी दिवसाचे काम किती करायचे ते आपसांत ठरवून टाकले होते, आणि जो फार पुढे पळेल त्याला ते कोपरखळी मारून मागे ओढीत. आळशी म्हणून नव्हे. काम वाढले की दर कापला जाईल, आणि आपल्यातला कुणी घरी जाईल, अशी त्यांना धास्ती होती. चौदाजणांची ती टोळी भक्कम होती. पण तिची पाठ व्यवस्थापकाकडे होती. एकजूट नाही म्हणून तक्रार करणाऱ्या अधिकाऱ्याने आधी पाहावे, की एकजूट खरोखरच नाही, की ती आपल्यापासून बचाव करण्यासाठी खर्ची पडते आहे ?

आता मुकादमाकडे येऊ. मुकादम दोन तऱ्हेचे असतात, आणि दोन्ही तऱ्हा आपल्या मराठी मुलुखातच पाहावयास मिळाल्या. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी जॉबर असे. माणूस कामावर लावणे त्याच्या हाती, काढणेही त्याच्याच हाती. नोकरी हवी तर दस्तुरी द्या, रजा हवी तर पुन्हा द्या. १९३१ साली व्हिटले कमिशनने आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. जॉबरच्या हाताखाली माणसे होती, पण त्याच्या बाजूला माणसे नव्हती.

दुसरी तऱ्हा मुंबईच्या डबेवाल्यांची. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केले, असे सांगतात. बहुतेक डबेवाले आपल्याच जिल्ह्यातले, मावळ-खेड-जुन्नरकडचे. त्यांच्या गटालाही मुकादम असतो. पण तो खुर्चीवर बसून हुकूम सोडीत नाही. एखादा गडी आला नाही तर त्याचे डबे मुकादम स्वतः उचलतो, कारण सगळे पत्ते आणि सगळ्या खुणा त्याला पाठ असतात. ओझे टाळणाऱ्याला ओझे वाटण्याचा अधिकार नाही, हा पुढारीपणाचा पहिला कायदा होय.

आपल्या शहरातल्या हमाल पंचायतीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या मध्यास डॉ. बाबा आढाव यांनी ती उभी केली. त्यांचा दवाखाना नाना पेठेत, म्हणजे कष्टकऱ्यांच्याच वस्तीत. डिसेंबर २०२५ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या मोर्च्यांविषयी आणि उपोषणांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आम्ही तीन साध्या गोष्टींकडे लक्ष वेधतो.

पहिली गोष्ट पोत्याची. शंभर किलोचे पोते पाठीवर घेणारा माणूस किती वर्षे टिकेल ? जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली माणसाने वाहावयाच्या ओझ्याबद्दल करार केला आणि सोबतच्या शिफारशीत ५५ किलोची मर्यादा सुचविली. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उठविली ती २०१० मध्ये. हमालांनी पन्नास किलोच्या पोत्याचा आग्रह धरला, तो मजुरीच्या आधीचा प्रश्न होता. पुढाऱ्याने पगाराच्या आकड्याआधी माणसाच्या पाठीकडे पाहावे, हा त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट भाकरीची. १९७४ साली पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली. नफा न घेता स्वस्तात पोटभर जेवण देणारे ते केंद्र. हॉटेलात जेवणाऱ्याला ही बाब किरकोळ वाटेल. पण दिवसभर ओझे वाहणारा माणूस दुपारी काय खातो, याची चौकशी करणारा पुढारी त्याला आयुष्यभर विसरता येत नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असलेल्या मंडळांची सोय केली. मजुरी मंडळात जमा व्हायची आणि तिथून कामगाराला मिळायची. त्यावरच्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी व इतर सोयी. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी यासाठी माथाड्यांची मोठी चळवळ उभारली होती. या कायद्याने काय केले ? हिशेब मुकादमाच्या खिशातून काढून वहीत आणला. ज्या टोळीत पैशाचा हिशेब सर्वांना वाचता येतो, तिथे निम्मी भांडणे जन्मालाच येत नाहीत.

आणखी एक गुण सांगून मग आजच्या परिस्थितीवर बोलू. पुढाऱ्याने आपल्यामागून बोलणारी माणसे तयार केली पाहिजेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरविली, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन केले. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पण आम्हांला त्यांची थोरवी अधिक दिसते ती २४ एप्रिल १८९० च्या सभेत. दहा हजारांच्या त्या मेळाव्यात दोन कामकरी स्त्रियांनी भाषणे केली. १८९० साली ! पुढे १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. आपल्या पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तीही अशीच. रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या बाया संघटित झाल्या आणि महापालिकेच्या दारात जाऊन बोलू लागल्या. पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने २००८ साली घरोघरच्या कचऱ्याचा करार केला. जो पुढारी सदा आपणच बोलतो, त्याची टोळी मुकी राहते. आणि मुकी टोळी ऐन प्रसंगी कामाला येत नाही.

आता आमच्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण तसे कारखाने अनेक आहेत. एका लाइनीवर चौदाजण काम करीत. सहा कायम, आठ कंत्राटी. यंत्र एक, घाम एक. पगार निम्म्याहून कमी. एका महिन्यात उत्पादन चांगले झाले, तेव्हा 'उत्कृष्ट टीम' म्हणून बक्षीस लागले, आणि ते सहाजणांनाच मिळाले. त्यांतल्या सगळ्यात वडील कामगाराने पाकिटे एकत्र केली, रकमेचे चौदा वाटे केले आणि वाटून टाकले. साहेबांनी बोलावून विचारले, "हे तुम्हांला कुणी सांगितले ?" तो म्हणाला, "साहेब, भिंतीवर तुम्हीच लिहिले आहे ना, आपण एक कुटुंब !" सहा महिन्यांनी ते आठजण कंत्राट संपले म्हणून घरी गेले. नवे आठ आले. त्यांचा हात बसेपर्यंत माल रिजेक्ट होत राहिला, आणि मग कंपनीने बाहेरून तज्ज्ञ बोलावून टीमवर व्याख्यान ठेवले. त्या आठजणांचे प्रकरण आम्ही अजून चालवीत आहोत.

बंधुभगिनींनो, आजचा खरा पेच इथे आहे. एकाच पंगतीत बसवून निम्म्यांना अर्धे वाढायचे, आणि वर सांगायचे की एकदिलाने जेवा, हे कसे होणार ? कोणतेही शिबिर ही फट बुजवू शकत नाही. कौशल्य अवश्य शिकावे. परंतु गोड बोलणे हे न्याय्य वाटपाच्या जागी वापरता येत नाही, सोबत वापरता येते.

हे आम्ही फक्त मालकांना सुनावीत नाही. युनियनमध्येही जॉबर निपजतात. दरवाजावर वर्षातून एकदा दिसणारा, वर्गणीचा हिशेब न दाखविणारा आणि कंत्राटी माणूस 'आपल्यातला नाही' म्हणून त्याची पावती न फाडणारा पुढारी आम्ही पाहिला आहे. त्याच्या घोषणा मोठ्या असतात, टोळी लहान असते.

आपणांपैकी कुणी कचेरीत वरिष्ठ असतील, कुणी दुकान चालवीत असतील, कुणी मुख्याध्यापक असतील. उद्या कामावर गेल्यावर स्वतःला चार प्रश्न विचारून पाहा. आपल्या हाताखालच्या सगळ्यांची, झाडणाऱ्या बाईसकट, नावे आपणांस ठाऊक आहेत काय ? एखादा गडी आला नाही तर त्याचे काम आपणांस करता येईल काय ? कुणाला किती आणि का मिळते, हे सर्वांसमोर सांगता येईल काय ? आणि गेल्या महिन्यात आपल्या तोंडावर 'साहेब, हे चुकते आहे' असे कुणी म्हटले काय ? चौथ्याचे उत्तर 'कुणीच नाही' असे आले, तर सारे आलबेल आहे असे मानू नका. ती टोळी तुमच्याकडे पाठ करून बसली आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. प्रश्न असतील तर अवश्य विचारा. खडसावून विचारलेत तर आम्हांला अधिक बरे वाटेल.