घोड्यांची बर्फवाट

अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचं राज्य आहे. तिथल्या जंगलात आजही काही जण घोड्यांनी लाकूड ओढतात. एका हिवाळ्यात अशा एका जोडीमागून मी हिंडलो. ओंडके ओढणं पाहायला गेलो होतो. पाहायला मिळालं ते मुख्यतः वाट राखणं.

आपल्याला वाटतं, बर्फ पडला की फावड्यानं बाजूला सारायचा. हे लोक तो दाबतात. ताज्या बर्फात हवाच जास्त. गोधडीसारखा तो पसरला की खालची ओली माती कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. दाबला की हवा निघते, गारठा खाली उतरतो आणि रात्रीतून वाट टणक होते. आपल्याकडे खळं करताना बैल फिरवतात, त्यातलाच प्रकार. आधी माणूस बर्फात घालायचे रुंद जोडे चढवून चालतो, मग बिनओझ्याचा घोडा, मग एखादा हलका ओंडका. बस्स, त्या दिवशी एवढंच! घाईनं भारी ओंडका जोडला, तर कच्च्या थरात घोडा पोटापर्यंत रुततो, घाबरून उसळ्या मारतो. पाय मोडला तर घोडाच जातो. म्हणून काम नसलं तरी प्रत्येक हिमवर्षावानंतर वाटेवर एक फेरी मारायचीच. कडेचा बर्फ मात्र मऊच राहतो; जाणता घोडा तिकडे पाऊल टाकत नाही. मार्चमध्ये ऊन चढलं की वाट दगा देते, तेव्हा पहाटेच काम आटोपतात.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मिशिगन, विस्कॉन्सिनकडच्या लाकूडतोड्यांनी तर पुढची मजल गाठली होती. रात्री घोड्यांकरवी पाण्याची टाकी ओढत रस्ता शिंपायचा. सकाळी काचेसारखा बर्फ! त्यात स्लेजसाठी, म्हणजे बिनचाकांच्या घसरगाडीसाठी, चाकोऱ्या कोरलेल्या. घोड्यांच्या नालांना अणकुचीदार खुंट्या. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी मिशिगनमध्ये रचलेला ५० ओंडक्यांचा भार दोन घोड्यांनी बर्फावरून ओढला होता.

अशा रस्त्यावर चढापेक्षा उताराची धास्ती मोठी. मागचा भार सुटला तर आधी घोडे चिरडायचे. म्हणून उतारावर गवत किंवा वाळू पसरायला एक माणूस नेमलेला असे. चाकोरीत पडलेली लीदही त्यानंच उचलायची, नाहीतर गाडी अडायची. त्याला म्हणत ‘रोड मंकी’. नाव हेटाळणीचं, पण गाडीवानाचा जीव त्याच्या हाती असे. रात्रीच्या हिमात गवत झाकलं गेलं, की पहिली गाडी निघण्याआधी त्यानं ते पुन्हा पसरलेलं असायचं.